घटक ६ : संगणक सुरू होत नाही तेव्हा – दोषाचा शोध आणि दोषाची नोंद

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• संगणक सुरू होण्याच्या क्रियेतील चार टप्पे क्रमाने सांगता येतील.
• संगणक कोणत्या टप्प्यावर अडला आहे, हे दिसणाऱ्या व ऐकू येणाऱ्या खुणांवरून ओळखता येईल.
• घरी करता येणारे उपाय आणि तंत्रज्ञाकडे सोपवण्याची कामे यांत फरक करता येईल.
• दोषाची नेमकी नोंद मराठीत लिहिता येईल.
• दुरुस्तीपूर्वी आपले लेखन सुरक्षित ठेवण्याची काळजी घेता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, १९८९ साली नाशिक येथे मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली, तेव्हा दूरशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याची साधने म्हणजे मुख्यतः छापील पुस्तिका, वही आणि लेखणी ही होती. आज त्यांच्या जोडीला घरचा संगणक आला आहे. स्वाध्याय, प्रकल्पाचे टिपण, मुलाखतींच्या नोंदी असे पुष्कळ लेखन आपण थेट संगणकावर करतो. वही फाटली तरी तिची पाने हाती राहतात. संगणक बंद पडला की त्यातील सारे लेखन एकाच वेळी दृष्टीआड होते. म्हणूनच अशा वेळी मन घाबरते आणि घाईने निर्णय घेतले जातात.

या घटकासाठी आपण एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सिन्नर तालुक्यातील एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी आपल्या आजीकडून जात्यावरच्या ११२ ओव्या लिहून घेतल्या. दोन महिने खपून तिने त्या पाठभेदांसह संगणकावर उतरवल्या. फाइल डेस्कटॉपवर होती आणि तिची दुसरी प्रत कोठेही नव्हती. पुढे आजी निवर्तली. जुलै महिन्यात आठ-दहा दिवस घर बंद होते. परत आल्यावर तिने संगणकाचे बटण दाबले, तर दिवा लागला, पंखा फिरू लागला; पडदा मात्र काळाच राहिला. धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, विंडोज उडाले असेल. फॉरमॅट मारून घेऊ, तासाभराचे काम आहे.”

दिरांचा हेतू चांगला होता. पण त्यांचा सल्ला मानला असता तर ओव्या गेल्या असत्या, आणि संगणकही सुरू झाला नसता. असे का, हे समजून घेणे हाच या घटकाचा मुख्य विषय आहे.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ सुरू होण्याची साखळी

‘संगणक सुरू होत नाही’ हे वाक्य आपण सहज उच्चारतो. परंतु या एका वाक्याखाली अनेक निरनिराळ्या स्थिती दडलेल्या असतात. बटण दाबूनही काहीच न होणे, पंखा फिरूनही पडदा काळा राहणे, पडद्यावर इंग्रजी सूचना येऊन थांबणे आणि विंडोजचे चिन्ह दिसून संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होणे या चार गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे आहेत.

सुरू होणे ही एकच क्रिया नसून ती एक साखळी आहे. तिचे चार टप्पे असे :
१. वीजपुरवठा : भिंतीतील वीज संगणकास योग्य रूपात मिळते.
२. स्वतपासणी : संगणक आपले आवश्यक भाग जागेवर आहेत का, हे तपासतो.
३. डिस्कचा शोध : ऑपरेटिंग सिस्टीम कोठे साठवली आहे, हे शोधतो.
४. ऑपरेटिंग सिस्टीमचे आगमन : विंडोज किंवा लिनक्स स्मृतीत उतरते आणि संगणकाचा ताबा घेते.

साखळीचा नियम सोपा आहे. आधीचा टप्पा पूर्ण झाल्याशिवाय पुढचा सुरू होत नाही. म्हणून संगणक कोठवर पोहोचला, हे ओळखले की त्याच्या पुढील टप्प्यांचा त्या बिघाडाशी संबंध नाही, एवढे निश्चित सांगता येते. दोषशोधनाचे सारे शहाणपण या एका नियमात आहे.

६.२.२ पहिला टप्पा : वीजपुरवठा

आपल्या घरात २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह येतो. संगणकाच्या भागांना मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो. हे रूपांतर पेटीच्या मागील बाजूस असलेला एसएमपीएस हा भाग करतो. सर्व दाब स्थिर झाले की तो मदरबोर्डला तसा संकेत देतो. तो संकेत मिळेपर्यंत प्रोसेसर काम सुरू करत नाही.

बटण दाबल्यावर दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही, अशी स्थिती असल्यास अडथळा याच टप्प्यात आहे. तपासणी भिंतीकडून संगणकाकडे, क्रमाने करावी.
• त्याच सॉकेटला टेबलदिवा किंवा मोबाइलचा चार्जर लावून वीज आहे का ते पाहावे.
• एक्स्टेंशन बोर्ड व यूपीएस बाजूला ठेवून संगणकाची वायर थेट भिंतीतील सॉकेटला लावून पाहावी. यूपीएसची बॅटरी काही वर्षांत निकामी होते आणि दोष मात्र संगणकाला लागतो.
• पेटीच्या मागे एसएमपीएसजवळ स्वतंत्र खटका असतो. साफसफाई करताना तो अनेकदा चुकून बंद होतो.
• वायर मागील बाजूस घट्ट बसली आहे का, ते पाहावे. शक्य असल्यास दुसरी वायर लावून पाहावी. मॉनिटरची वायर बहुधा तशीच असते.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. काही जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असे आकडे असलेला लाल खटका असतो. तो ११५ वर सरकवल्यास आपल्याकडील विजेने एसएमपीएस जळतो. दुसरे, एसएमपीएसची पेटी कधीही उघडू नये. वीज काढल्यानंतरही तिच्या आतील कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार काही काळ राहतो.

६.२.३ दुसरा टप्पा : स्वतपासणी

वीज मिळताच प्रोसेसर मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायम साठवलेल्या सूचना वाचू लागतो. या सूचनासंचाला बायोस म्हणतात. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरपासून हे नाव रूढ झाले. नव्या संगणकांत त्याची जागा युईएफआय या सुधारित संचाने घेतली आहे. दोहोंचेही पहिले काम स्वतपासणी हे असते. रॅम, कळफलक, पडद्यावर चित्र पाठवणारा भाग हे सारे जागेवर आहेत का, हे ते पाहतात.

पडदा अजून जागा झालेला नसल्यामुळे या टप्प्यावरील दोष संगणक आवाजाने सांगतो. मदरबोर्डला छोटा स्पीकर जोडलेला असेल तर ‘बीप’ असे आवाज येतात. बऱ्याच संगणकांत एकच आखूड बीप म्हणजे ‘सर्व ठीक’. पुन्हा पुन्हा येणारे बीप बहुधा रॅमचा किंवा चित्रभागाचा दोष दर्शवतात. संकेत निर्मात्यागणिक बदलतात. म्हणून बीप किती, आखूड की लांब, हे मोजून लिहावे आणि मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेशी ताडून पाहावे.

पंखा फिरतो पण पडदा काळा, अशा स्थितीत प्रथम मॉनिटर पाहावा. मॉनिटरला स्वतःचा वीजपुरवठा व स्वतःचे बटण असते. त्यावर ‘नो सिग्नल’ असे उमटत असेल तर मॉनिटर ठीक आहे. त्याच्यापर्यंत चित्र पोहोचत नाही. पेटीत वेगळे ग्राफिक्स कार्ड असल्यास मॉनिटरची केबल त्या कार्डालाच जोडलेली असावी.

यानंतर रॅमकडे वळावे. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर यांसारख्या अतिपावसाच्या भागात हवेतील ओलावा आणि येवला, सिन्नरकडील उन्हाळ्यातील धूळ या दोन्हींमुळे रॅमच्या पट्टीवरील धातूच्या संपर्करेषांवर थर बसतो आणि संपर्क तुटतो. उपाय असा :
१. विजेची वायर पूर्ण काढावी. नंतर पुढचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे मदरबोर्डवर उरलेला विद्युतभार निघून जातो.
२. पेटीच्या रंग नसलेल्या धातूस हात लावावा. त्यामुळे अंगावरील स्थिर विद्युतभार निघून जातो.
३. रॅमच्या दोन्ही टोकांकडील चिमटे उघडून पट्टी सरळ वर काढावी.
४. सोनेरी रेषांवरून कोरे, मऊ खोडरबर हलकेच फिरवावे. हे काम पेटीपासून दूर करावे, म्हणजे रबराचे कण आत पडणार नाहीत.
५. पट्टीची खाच आणि जागेवरील उंचवटा जुळवून, चिमटे ‘टक्’ असा आवाज करून मिटेपर्यंत ती दाबावी.

पट्ट्या दोन असल्यास एकेक लावून पाहावी. एका पट्टीने संगणक सुरू झाला आणि दुसरीने झाला नाही, तर दोष कोठे आहे हे आपोआप कळते.

याच टप्प्याशी संबंधित आणखी एक छोटा भाग म्हणजे नाण्याच्या आकाराची, ३ व्होल्टची सीआर २०३२ ही बॅटरी. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवण्याचे काम ती करते. ती संपल्यास दिनांक मागे जातो आणि सुरू होताना तशी सूचना येते. दिनांक चुकीचा असला की अनेक संकेतस्थळे ‘असुरक्षित’ असल्याचा इशारा देतात. अशा वेळी इंटरनेटला दोष देण्याआधी घड्याळ पाहावे. ही बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
चूक की बरोबर ते सांगा.
(अ) पंखा फिरत आहे, म्हणजे विंडोज सुरू झाले आहे.
(आ) वीज काढल्यावर एसएमपीएस उघडणे सुरक्षित असते.
(इ) बीपच्या आवाजांचा अर्थ सर्व संगणकांत सारखाच असतो.

६.२.४ तिसरा टप्पा : डिस्कचा शोध

स्वतपासणी संपल्यावर संगणक ऑपरेटिंग सिस्टीम शोधतो. जुन्या पद्धतीत डिस्कच्या अगदी आरंभी असलेला ५१२ बाइटचा एक खंड प्रथम वाचला जातो आणि त्यातील सूचनांवरून पुढची वाट सापडते. नव्या पद्धतीत यासाठी डिस्कवर एक छोटा स्वतंत्र विभाग राखलेला असतो. ही वाट सापडली नाही की पडद्यावर ‘सुरू करण्याजोगे साधन सापडले नाही’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना येते.

ही सूचना वाचून डिस्क मेली असे समजू नये. प्रथम पेनड्राइव्ह लावलेला राहिला आहे का, ते पाहावे. संगणक त्यातच विंडोज शोधत बसलेला असू शकतो. तसे नसल्यास वीज काढून डिस्कच्या दोन्ही केबल, म्हणजे डेटा केबल आणि वीज केबल, काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात. बायोसच्या पडद्यावर डिस्कचे नाव दिसते का, हेही पाहावे. नाव दिसत असेल तर डिस्क निदान ओळखली जात आहे.

एक खूण मात्र गंभीर मानावी. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमधून एका लयीत ‘टक्-टक्’ असा आवाज येत असेल, तर आतील यंत्रणा झिजली आहे. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबू नये. प्रत्येक प्रयत्नागणिक तबकडीवरील लेखन नष्ट होण्याचा धोका वाढतो. संगणक बंद करून माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे डिस्क सोपवावी.

६.२.५ चौथा टप्पा : ऑपरेटिंग सिस्टीमचे आगमन

विंडोजचे चिन्ह दिसले, म्हणजे पहिले तीन टप्पे पार पडले. त्यानंतर निळा पडदा येणे किंवा संगणक पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होणे हा चौथ्या टप्प्यातील अडथळा होय. अर्धवट राहिलेले अद्ययावतीकरण, नव्याने टाकलेला प्रोग्राम, वीज अचानक गेल्याने बिघडलेली एखादी फाइल ही त्याची नेहमीची कारणे. निळ्या पडद्यावरील संकेतशब्द मोबाइलने टिपून ठेवावा. तंत्रज्ञाला तो उपयोगी पडतो.

येथे ‘सेफ मोड’ची मदत होते. या स्थितीत विंडोज अगदी आवश्यक तेवढेच भाग घेऊन सुरू होते. विंडोज ७ आणि त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत त्यासाठी आरंभीच एफ ८ ही कळ दाबत असत. विंडोज १० व ११ मध्ये सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ फसला की दुरुस्तीचा पडदा सहसा आपोआप येतो आणि त्यातून सेफ मोड निवडता येतो. सेफ मोडमध्ये संगणक नीट चालला, तर नव्याने टाकलेला प्रोग्राम काढून पाहावा. आणि सर्वप्रथम आपल्या फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात.

दुरुस्तीच्या पडद्यावर ‘रीसेट’ हा पर्यायही असतो. त्यात ‘माझ्या फाइल ठेवा’ आणि ‘सर्व काढून टाका’ अशा अर्थाचे दोन उपपर्याय असतात. इंग्रजी वाक्य शेवटपर्यंत वाचून, अर्थ लावूनच कळ दाबावी.

६.२.६ ‘फॉरमॅट मारणे’ : केव्हा आणि कोणत्या अटीवर?

बोलीभाषेत ‘फॉरमॅट मारणे’ म्हणजे डिस्कचा विभाग रिकामा करून त्यावर विंडोज नव्याने टाकणे. हा उपाय चौथ्या टप्प्यावरचा आहे. फार तर तिसऱ्या टप्प्यावरील काही बिघाडांना तो लागू पडतो. वीज किंवा रॅम यांच्या दोषावर त्याचा काहीही उपयोग नाही.

आता आपल्या उदाहरणाकडे वळू. पंखा फिरत होता, पडदा काळा होता आणि थांबून थांबून लांब बीप येत होते. म्हणजे संगणक दुसऱ्या टप्प्यावर अडला होता. डिस्कपर्यंत तो पोहोचलाच नव्हता. ज्या भागाला संगणकाने अजून हाक मारलेली नाही, त्या भागात दोष शोधण्याचे कारण नाही. विद्यार्थिनीने रॅमची पट्टी काढून पुसली, पुन्हा बसवली आणि बटण दाबले. एकच आखूड बीप आला, विंडोज उघडले, आणि डेस्कटॉपवर ओव्यांची फाइल जशीच्या तशी होती.

फॉरमॅट खरोखरच आवश्यक ठरल्यास पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.
• ‘माझे सारे डी ड्राइव्हवर आहे’ असे आपण म्हणतो. परंतु डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे दोन्ही फोल्डर सहसा सी ड्राइव्हवर असतात आणि विंडोज नव्याने टाकताना तोच विभाग पुसला जातो. तसेच सी आणि डी हे बहुधा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्कच निकामी झाली तर दोन्ही जातात.
• विंडोज उघडत नसले तरी फाइल काढता येतात. दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार करून त्यावरून संगणक सुरू करावा. तेथे ‘स्थापित करा’ हा पर्याय न निवडता ‘वापरून पाहा’ हा पर्याय निवडावा आणि फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवाव्यात. काही नव्या संगणकांत डिस्क कुलूपबंद असते. तिच्यासाठी ४८ अंकी परतावा-कळ लागते. ती आधीच लिहून ठेवावी.
• चुकून फॉरमॅट झालेच, तर त्या डिस्कवर नवे काहीही लिहू नये. जुन्या तबकडीच्या डिस्कवर मजकूर काही काळ शिल्लक असतो. नवे लेखन त्यावर चढले की तो जातो. एसएसडी प्रकारच्या डिस्कवर मात्र तो परत मिळण्याची आशा फारच कमी असते.
• मराठी लेखनाबाबत आणखी एक दक्षता हवी. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली फाइल विंडोज नव्याने टाकल्यावर अनोळखी चिन्हांनी भरलेली दिसते. फाइल बिघडलेली नसते, फॉन्ट गेलेला असतो. तो पुन्हा टाकला की मराठी परत दिसते. युनिकोडमध्ये टंकलेल्या मजकुराला ही अडचण येत नाही.

६.२.७ दोषाची नोंद

उपयोजित मराठीचा अभ्यासक म्हणून तुमचे खरे काम येथे आहे. दुरुस्ती करणाऱ्या माणसाला आपण जे सांगतो, त्यावरून तो पुढचे ठरवतो. ‘बंद पडलाय, बघा जरा’ एवढेच सांगितले तर तो स्वतःला सोपा वाटणारा मार्ग धरील. म्हणून आधी नोंद लिहावी, मग संगणकाला हात लावावा. नोंदीत अनुमान नको, निरीक्षण हवे. ‘विंडोज उडाले’ हे अनुमान आहे. ‘पडदा काळा आहे, लांब बीप येतात’ हे निरीक्षण आहे. आपल्या विद्यार्थिनीने लिहिलेली नोंद अशी असू शकेल :

शेवटी नीट चालला : ३ जुलै, रात्री. नेहमीप्रमाणे बंद केला.
आताची वेळ : १४ जुलै, सकाळी ९.
दिसले : पुढचा दिवा लागतो. मागचा पंखा फिरतो. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’.
ऐकू आले : लांब बीप, मध्ये थोडा विराम, पुन्हा बीप. थांबत नाही.
दिसले नाही : कोणतीही अक्षरे किंवा चिन्ह.
मधल्या काळात : घर बंद. पाऊस सतत. नवे काही जोडलेले नाही.
करून पाहिले : सॉकेट बदलला. मॉनिटरची केबल पुन्हा लावली. फरक नाही.
महत्त्वाचे : डेस्कटॉपवर ओव्यांची फाइल आहे. दुसरी प्रत नाही. मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.

या नोंदीत एकही अवघड तांत्रिक शब्द नाही. तरीही वाचणाऱ्याला बिघाड दुसऱ्या टप्प्यावर आहे, हे कळते. शेवटची ओळ सर्वांत मोलाची आहे. संगणक दुकानात देताना ती लेखी द्यावी आणि पावतीवरही लिहून घ्यावी.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) पुढील वाक्यांतील निरीक्षण कोणते आणि अनुमान कोणते? ‘व्हायरस आला आहे.’ ‘विंडोजचे चिन्ह येते आणि नंतर निळा पडदा दिसतो.’
(आ) बटण दाबल्यावर कोणताही आवाज किंवा दिवा नाही. फॉरमॅटचा सल्ला योग्य आहे का? का?

६.३ सारांश

संगणक सुरू होणे ही वीजपुरवठा, स्वतपासणी, डिस्कचा शोध आणि ऑपरेटिंग सिस्टीमचे आगमन अशा चार टप्प्यांची साखळी आहे. संगणक ज्या टप्प्यावर थांबला, तेथेच किंवा त्याच्या आधी दोष शोधावा. पुढील भागांना हात लावू नये. घरी सॉकेट, केबल, रॅम आणि घड्याळाची बॅटरी इतके तपासता येते. एसएमपीएसचे अंतरंग आणि ‘टक्-टक्’ आवाज करणारी डिस्क जाणकाराकडे सोपवावी. संगणक पुन्हा विकत घेता येतो, पण एकदा गेलेले लेखन पुन्हा मिळेलच असे नाही. म्हणून महत्त्वाच्या फाइलची एक प्रत संगणकाबाहेर असावी आणि ती संगणक चालू असतानाच काढलेली असावी.

६.४ पारिभाषिक शब्द

एसएमपीएस : घरातील वीज संगणकाला लागणाऱ्या कमी दाबाच्या एकदिश प्रवाहात बदलणारा भाग.
रॅम : काम चालू असताना माहिती तात्पुरती ठेवणारी स्मृती. वीज जाताच ती रिकामी होते.
बायोस : वीज मिळताच सर्वप्रथम वाचला जाणारा, मदरबोर्डवरील सूचनासंच.
सेफ मोड : केवळ आवश्यक भागांसह विंडोज सुरू करण्याची पद्धत.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) चूक. पंखा फिरणे म्हणजे केवळ वीज पोहोचणे. (आ) चूक. कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक असतो. (इ) चूक. निर्मात्यागणिक संकेत बदलतात.
प्रश्न २ : (अ) पहिले वाक्य अनुमान, दुसरे निरीक्षण. (आ) नाही. अडथळा वीजपुरवठ्यात आहे. संगणक डिस्कपर्यंत पोहोचलेलाच नाही.

६.६ सरावासाठी स्वाध्याय

१. संगणक सुरू होण्याचे चार टप्पे उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. घरातील बंद पडलेल्या कोणत्याही एका उपकरणाची, उदा. मिक्सर, शिलाई यंत्र किंवा पाण्याचा पंप, दोषनोंद निरीक्षणांच्या आधारे दहा ओळींत लिहा.
३. क्षेत्रीय कार्य : तुमच्या संगणकातील जी फाइल गमावणे तुम्हाला परवडणार नाही, तिचे नाव एका कागदावर लिहा. ती कोणत्या ड्राइव्हवर आहे ते शोधा. आजच तिची प्रत पेनड्राइव्हवर काढा, तो पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा आणि मगच या स्वाध्यायापुढे ‘पूर्ण’ असे लिहा.